घरचें आरोग्य : नवा गुडघा आणि जुनें घर

गुडघा बदलून घेतलेलीं वडील माणसें आतां घरोघरीं दिसूं लागलीं आहेत. लग्नामुंजींत, हळदीकुंकवाला किंवा देवळाच्या ओट्यावर दोन वृद्धा भेटल्या, कीं "तुमचा एक झाला कीं दोन्ही?" हा प्रश्न कुशलप्रश्नाच्या जोडीनें विचारला जातो. शस्त्रक्रिया करावी कीं न करावी, कोणाकडून करावी, खर्च किती येतो, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु ती होऊन वर्ष उलटलें, टांक्यांची जागा भरून आली, समाचाराला येणाऱ्यांची रीघ थांबली, म्हणजे पुढें काय, या प्रश्नापाशीं फारसा कोणी थांबत नाहीं. वास्तविक शस्त्रक्रिया एक-दीड तासाची, रुग्णालयांतील मुक्काम थोड्या दिवसांचा. त्या गुडघ्यासह काढावयाचीं वर्षें मात्र पंधरा, वीस, कदाचित् पंचवीस. या दीर्घ काळाचा विचार या खेपेस करावयाचा आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. गुडघा शस्त्रवैद्य देतो; चाल मात्र त्या माणसानें आणि त्याच्या घरानें मिळवावयाची असते. यांत घराचा वांटा आपण समजतों त्याहून पुष्कळ मोठा आहे.

ही विद्या एका दिवसांत सिद्ध झालेली नाहीं. बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८९० च्या सुमारास हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. जंतुदोषापुढें तो प्रयत्न टिकला नाहीं. आज जो गुडघा बसवितात त्याची मूळ घडण १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें झाली, आणि ती करणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर चित्तरंजन राणावत हे आपल्या देशांत जन्मलेले शस्त्रवैद्य होते. याच डॉ. राणावतांनीं पुढें मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्यें व उजवा जून २००१ मध्यें बदलला. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं वाजपेयींचें वय शहात्तर होतें. त्यानंतर सुमारें पांच आठवड्यांनीं, जुलैच्या मध्यास, ते आग्र्याच्या शिखर परिषदेंत पाकिस्तानच्या अध्यक्षांशीं वाटाघाटी करीत होते आणि पुढें २००४ च्या मे महिन्यापर्यंत त्यांनीं पंतप्रधानपदाचा भार वाहिला. शस्त्रक्रियेनें कोणी तरुण होत नाहीं. पण आपलें काम ज्याला करावयाचें आहे त्याला ती कामाकडे परत पोंचविते, एवढा बोध या उदाहरणांतून घ्यावा. खर्चाचा मोठा अडसरही पुढें कांहीं अंशीं दूर झाला. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्र सरकारच्या औषध-किंमत प्राधिकरणानें कृत्रिम गुडघ्यांच्या किंमतींवर मर्यादा घातली; तेव्हां कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याची कमाल किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरली.

आतां हा नवा गुडघा म्हणजे काय, तें समजून घेऊं. "गुडघा बदलला" असें आपण म्हणतों खरें, पण सबंध गुडघा कापून काढीत नाहींत. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा झिजलेला पृष्ठभाग तासून त्यावर धातूचें आच्छादन बसवितात व मध्यें एका टणक प्लॅस्टिकची गादी ठेवतात. सभोंवतालचे स्नायू, बंध, कातडी, सर्व जुनेंच राहतें. म्हणजे बिजागरी नवी, पण ती हलविणारे दोर जुने. आणि हे दोर शस्त्रक्रियेच्या आधीं पांच-दहा वर्षें दुखण्यामुळें वापरलेच न गेल्यानें बहुधा अशक्त झालेले असतात. धातू व्यायामानें बळकट होत नाहीं. मांडीचा स्नायू होतो. शस्त्रक्रियेनंतरची सारी मेहनत या स्नायूसाठीं आहे, हें एकदां मनांत ठसलें, म्हणजे "आतां गुडघा नवा आहे, व्यायाम कशाला?" हा प्रश्न उरत नाहीं.

हा गुडघा टिकतो किती? २०१९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत परदेशांतील नोंदींवरून काढलेला हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकीं सुमारें ८२ गुडघे पंचवीस वर्षें टिकल्याचें दिसलें. त्याच नियतकालिकांतील २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासाप्रमाणें, सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांपैकीं उरलेल्या आयुष्यांत तो पुन्हा बदलावा लागणारे शंभरांत पांचांच्या आसपास असतात; पन्नाशीच्या आरंभीं बदलून घेणाऱ्या पुरुषांत हेंच प्रमाण पस्तिसापर्यंत जातें. तात्पर्य, सत्तरीच्या आजीनें "झिजेल, झिजेल" या धास्तीनें बसून राहण्याचें कांहीं कारण नाहीं. पन्नाशीच्या गृहस्थानें मात्र धांवणें आणि उड्या मारणें यांना रजा द्यावी व चालणें, पोहणें आणि जागच्या जागीं चालविण्याची सायकल यांवर समाधान मानावें.

आतां घराकडे वळूं. आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरांत, येऊरच्या डोंगराच्या अलीकडे, म्हाडाची जुनी वसाहत आहे. पुनर्विकासानें कांहीं ठिकाणीं उंच इमारती आल्या, त्यांत लिफ्ट आली; पण जेथें अजून जुना जिनाच चढावा लागतो अशा घरांतील चित्र डोळ्यांसमोर आणावें. दोन-तीन खोल्यांत सासूसासरे, मुलगा, सून आणि नातवंडें. सासूबाईंचा गुडघा बदलला. पहिले दोन महिने फिजिओथेरपिस्ट घरीं आला, व्यायाम झाले, काठी सुटली. मग तो यावयाचा थांबला आणि त्याबरोबर व्यायामही थांबले. "आई, तुम्ही उठूं नका, मी देतें." "आजी, बस, मी आणतों." "जिना कशाला उतरतां? देवाला हात इथूनच जोडा." यांतील प्रत्येक वाक्य मायेचें आहे. परंतु अशीं वाक्यें वर्षभर कानीं पडलीं, म्हणजे लाखो रुपये खर्चून आणलेला गुडघा खिडकीशेजारच्या खुर्चींत बसून राहतो. मांडीचा स्नायू आटतो, वजन वाढतें, तोल बिघडतो, दुसरा गुडघा बोलूं लागतो. आणि ज्या बाईनें चाळीस वर्षें घर चालविलें ती आपल्याच घरांत पाहुणी होते. तिच्या मनाला त्यामुळें काय होतें, तें क्ष-किरणाच्या चित्रांत दिसत नाहीं.

याच्या उलटही घरें आहेत. दुखण्याचें मूळ गेलें ना, मग आतां सर्व पूर्वींसारखें, असें समजून तिसऱ्या महिन्यांतच चातुर्मासाचें सोवळें-ओवळें, पंगतीची उठबस आणि नातवाला कडेवर घेऊन जिना चढणें, हें सारें त्या बाईकडे परत येतें. आजार हत्तीच्या पावलांनीं येतो व मुंगीच्या पावलांनीं जातो, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे. सूज व उष्णता कांहीं महिने राहते. मुख्य सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते आणि थोडी थोडी वर्षभर चालूच असते. जबरदस्तीची विश्रांति आणि जबरदस्तीचें काम, या दोहोंच्या मधला रस्ता म्हणजे पायरीपायरीनें काम परत देणें.

तें कसें द्यावें? स्वैंपाकघरापासून आरंभ करावा. विळीवर खालीं बसून चिरणें सुटलें म्हणून चिरणेंच सुटावयास नको. ओट्यापाशीं उभें राहून किंवा टेबलाशीं बसून सुरीनें भाजी चिरतां येते. सलग उभें राहणें वीस मिनिटांपासून वाढवीत न्यावें व मध्यें बसण्यास उंच स्टूल ठेवावें. घरांतल्या घरांत दर तासाला एक फेरी व्हावी. स्वतःचें पाणी स्वतः उठून घेण्याएवढें निमित्त त्यास पुरतें. जिन्याची भीति सर्वांत मोठी. तिच्यावर उपाय जिनाच. कठडा धरावा. चढतांना चांगला पाय आधीं वर टाकावा. उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय आधीं खालीं टाकावा. प्रथम प्रथम घरांतील एकानें बरोबर असावें: उतरतांना त्यानें एक पायरी पुढें, चढतांना एक पायरी मागें. बळ आलें म्हणजे डॉक्टरांच्या अनुमतीनें नेहमींप्रमाणें एकाआड एक पाय टाकतां येतो. एकदां खालीं उतरतां आलें, कीं साईबाबांच्या देवळापर्यंत आणि पुढें उपवनच्या तळ्यापर्यंत वाट मोकळी होते. सकाळीं तळ्याकांठीं चालणाऱ्यांची वर्दळ असते, तिचा एक फायदा असा कीं, सोबत आपोआप मिळते. अंतर मोजण्यापेक्षां वेळ मोजावा: दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, आठवड्या-आठवड्यानें. दुसऱ्या दिवशीं गुडघा अधिक सुजला, तर आदल्या दिवशींचें प्रमाण जास्त झालें असें समजून थोडें कमी करावें. बंद करूं नये.

चालण्यानें सर्व स्नायूंचें काम भागत नाहीं. म्हणून चार साधे व्यायाम आयुष्यभर ठेवावे. पाय लांब करून मांडी आवळून धरणें. उताणें निजून पाय सरळ ठेवून वीतभर उचलणें. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करणें. आणि ओटा धरून टांचा उचलणें. प्रत्येक दहा वेळां, दिवसांतून दोनदां. सकाळच्या चहाचें आधण ठेवतांना एकदां आणि सायंकाळच्या दिवेलागणीला एकदां, असा नेम बांधला म्हणजे चुकत नाहीं. रात्रीं गुडघ्याखालीं उशी घेण्याची गोडी मात्र वाईट. गुडघा वांकणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो पूर्ण सरळ होणेंही महत्त्वाचें. आंखडलेला गुडघा चाल लंगडी करतो.

येथें आपल्या घरांतला खरा अडचणीचा प्रश्न येतो: मांडी घालून बसण्याचा. आपलें जेवण, पूजा, संध्या, सत्यनारायण, सर्व कांहीं पाटावर. नवा गुडघा बहुधा ११० ते १२० अंशांपर्यंत वांकतो. जिना आणि खुर्ची यांना एवढें पुरतें. उकिडवें बसण्यास त्याहून अधिक लागतें. कांहींना मांडी घालतां येते, कांहींना नाहीं. पण येतें म्हणून रोज करावें असें ठरत नाहीं, कारण फार वांकलेल्या स्थितींत मधल्या गादीवर भार वाढतो. आपल्या गुडघ्याची घडण कोणती आणि तिला किती चालेल, हें ज्यानें तो बसविला त्यालाच विचारावें. शेजारणीचा गुडघा आपल्याला प्रमाण नाहीं. शौचकूपाची व्यवस्था मात्र विकल्पाची नव्हे: कमोड हवाच, आणि त्याच्या शेजारीं भिंतींत पक्का दांडा हवा.

देवपूजेसाठीं देव्हारा छातीच्या उंचीवर घ्यावा आणि पूजा खुर्चीवर बसून करावी. यांत देवाची अवज्ञा होते असें कित्येक वडील मंडळींस वाटतें. आसनाचा हेतु शरीर स्थिर राहून मन पूजेंत लागावें हा आहे. ज्या आसनावर गुडघा ठणकतो त्या आसनावर मन गुडघ्यापाशीं राहतें, देवापाशीं नाहीं. नमस्कारालाही तोच न्याय. धाकट्यांनीं वांकावें, थोरांनीं उभ्यानें हात जोडावे. पंगतींत एकट्या आजीसाठीं टेबल मांडून तिला कोपऱ्यांत बसविण्यापेक्षां सणाच्या दिवशीं चार माणसें तिच्याबरोबर टेबलाशीं जेवलीं, तर तिचा मानही राहतो आणि गुडघाही.

घरांतील धोक्याच्या जागा एकदां डोळसपणें पाहून घ्याव्या. नव्या गुडघ्याचा मोठा शत्रू झीज नव्हे, पडणें. धातूच्या लगतचें हाड मोडलें म्हणजे तें सांधणें फार अवघड जातें. उंबऱ्यांतील रांगोळीची पूड, फडक्यानें पुसलेली ओली फरशी, न्हाणीघरांतील साबण, दुमडलेली सतरंजी, दारांत पसरलेल्या चपला आणि नातवंडांच्या मोटारी, हीं निमित्तें लहान दिसतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीं मंद दिवा असावा. पावसाळ्यांत, जेव्हां आपल्या आवारांतील फरशीवर शेवाळ धरतें, तेव्हां फिरावयास बाहेर न जातां इमारतीच्या छपराखालीं फेऱ्या घालाव्या. बसण्यास उंच, हात असलेली खुर्ची असावी. मऊ, खोल सोफा पाहुण्यांसाठीं ठेवावा. हाडें ठिसूळ झालीं आहेत काय, तें तपासून घ्यावें, आणि कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व यांविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वजनाकडेही लक्ष हवें. सपाटीवर चालतांना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. म्हणून पांच किलो कमी झाले, तर गुडघ्याचें ओझें दहा-पंधरा किलोंनीं उतरतें.

दुसरा शत्रू जंतु. तो शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनींच काय, वर्षांनींही येऊं शकतो. दांतांतील पू, पायाची चिघळलेली भेग, लघवींतील जंतुदोष यांतून जंतु रक्तावाटे धातूपर्यंत पोंचतात, आणि धातूवर रक्त खेळत नसल्यानें तेथें बसलेल्या जंतूला औषध सहजासहजीं गांठत नाहीं. असें फार थोड्यांना होतें. पण ज्यांना होतें त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेखालीं जावें लागण्याची पाळी येते. म्हणून दांत स्वच्छ ठेवावे, मधुमेह आटोक्यांत ठेवावा, भेगांना तेल लावावें. दांताच्या डॉक्टरांस प्रथमच "माझा गुडघा बदललेला आहे" असें सांगावें. आधीं औषध घ्यावें कीं नाहीं, हें ते व अस्थिरोगतज्ज्ञ मिळून ठरवितील. बदललेल्या गुडघ्यावर जळवा लावणें, तुंबडी लावणें, कोणाकडून सुई टोंचून घेणें, हें कदापि करूं नये. गुडघा एकाएकीं लाल व गरम झाला, ताप आला, किंवा व्रणांतून पाणी येऊं लागलें, तर औषधाच्या दुकानांतून गोळ्या आणून वेळ काढूं नये. त्या गोळ्यांनीं जंतु मरत नाहीं, झांकला मात्र जातो. त्याच दिवशीं शस्त्रवैद्याकडे जावें. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तर तीही तांतडीची बाब समजावी.

कागदपत्रांची एक पिशवी घरांत जपून असावी. गुडघा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, याची चिठ्ठी रुग्णालयांतून मिळते. वीस वर्षांनीं पुन्हा हात घालण्याची वेळ आली, तर ती चिठ्ठी फार कामाला येते. विमानतळावर यंत्र वाजलें तर गोंधळूं नये, आधींच सांगावें. आणि कांहीं दुखत नसलें तरी वर्षानें, व पुढें डॉक्टर सांगतील तितक्या वर्षांच्या अंतरानें, क्ष-किरणाचें चित्र काढून घ्यावें. नव्या गुडघ्याचा पृष्ठभाग झिजला तरी तो दुखेलच असें नाहीं, आणि दुखेपर्यंत थांबल्यास उपचार अवघड होतो.

शेवटीं अपेक्षांविषयीं चार शब्द. परदेशांतील पाहण्यांत असें आढळलें आहे कीं, गुडघा बदललेल्या दर पांच जणांत सुमारें एक जण पूर्ण समाधानी नसतो. त्यांतील कांहींच्या दुखण्याला खरें कारण असतें व तें शोधलेंच पाहिजे, "नवा गुडघा दुखतोच कसा?" म्हणून म्हाताऱ्या माणसाला खोटें पाडूं नये. पण कांहीं गोष्टी निरुपद्रवी असतात: व्रणाच्या बाहेरच्या बाजूस बधिर पट्टा राहतो, चालतांना खट् असा आवाज येतो, गुडघे टेकले तर चमत्कारिक वाटतें. या गोष्टी आधीं ठाऊक असल्या म्हणजे मन धास्तावत नाहीं. दुसरा गुडघाही झिजलेला असेल, तर पहिल्याकडून पुरता लाभ दिसत नाहीं. अशा वेळीं दोष नव्याला न देतां जुन्याचा विचार करावा.

वडील मंडळींनाही आमची एक विनंति आहे. मुलें-सुना "बसा" म्हणतात तें प्रेमानें. त्याला "नको, मला करूं द्या" हें उत्तर तितक्याच प्रेमानें देण्याचें धैर्य ठेवा. व्यायाम हा तुमचा, तो दुसरें कोणी तुमच्यासाठीं करूं शकत नाहीं. आणि घरच्या कर्त्या मंडळींनीं या महिन्यांत एवढेंच करावें: गुडघा बदललेल्या माणसाला जवळ बसवून विचारावें, "आई, पूर्वीं तुम्ही करीत होतां आणि आतां आम्ही करतों, असें कोणतें काम तुम्हांला परत हवें आहे?" कोणी तुळशीला पाणी घालणें मागेल, कोणी भाजी आणणें, कोणी नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत पोंचविणें. जें मागतील तें, डॉक्टरांना विचारून, पायरीपायरीनें द्यावें. पहिले कांहीं दिवस भाजी थोडी महाग येईल, तुळशीचें पाणी उशिरा पडेल, शाळेची गाडी गांठण्यासाठीं दहा मिनिटें लवकर निघावें लागेल. घरानें तेवढें सोसावें.